अंगणभर बर्फ

आमच्या घरात बर्फाचा विषय काढायचा नाही, असं ठरलेलं आहे. माझ्यामुळे.

२०१५चा हिवाळा. आम्ही राहतो त्या जॉन्सनव्हिलमध्ये वारा हवा तेवढा, बर्फ नाही. सात वर्षांच्या इराला आणि चार वर्षांच्या कबीरला तो एकदा हातात घ्यायचा होता, म्हणून डोंगरापलीकडच्या एका फार्मवर दोन दिवस राहायला गेलो. पहिला दिवस कोरडा गेला. झोपताना इरा म्हणाली, "बाबा, व्हॉट इफ इट डझन्ट कम?" मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचंच होतं.

सकाळी पडदा सरकवला, तर अंगण पांढरंशुभ्र! थर जेमतेम बोटभर. पलीकडे मेंढ्यांनी तुडवून चिखल केलेला. जो काही बर्फ होता तो आमच्या दारात.

"स्नो!" पोरं दाराकडे धावली. माझ्या बायकोने, मंजिरीने, दोघांना मागून धरलं.

"आधी कपडे! कानटोप्या कुठायत?"

"आई, इट विल मेल्ट!"

"काही वितळत नाही. पाय इकडे कर."

छातीला बाम, बनियन, दोन स्वेटर, कानटोपी, वर मफलर. (सगळं चढवून झाल्यावर कबीरला शू लागली. पुन्हा पहिल्यापासून.)

"आणि तू नुसता उभा काय राहिलायस? बाहेर निसरडं आहे का बघ. पोरं पडतील!"

निसरडं होतं. पहिल्याच पायरीवर मी बसलो. एवढ्या लांब येऊन पोराचा हात मोडला तर? मी शेडमधला खराटा आणला. आधी पायरी झाडली. मग दारापुढचं. कबीर कधी सरळ चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचंही. कोपऱ्यात घट्ट बसलेल्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायची सवय नाही मला.

फार्मच्या मालकीणबाई कुंपणाशी थांबल्या, इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "कीया ओरा! स्नो बघायला आलेले तुम्हीच ना?"

"हो."

"मग हे काय चाललंय?"

"सेफ्टी," मी म्हणालो.

त्या मेंढ्यांकडे गेल्या.

दार उघडलं. दोन गाठोडी बाहेर आली. समोर स्वच्छ, ओलं काँक्रीट.

"बाबा, व्हेअर इज इट?"

मंजिरीने खराट्याकडे बघितलं. "सगळा?"

"तूच म्हणालीस..."

"बघ म्हटलं होतं रे! नुसतं बघ!"

इरा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी शेडमागे गुडघ्यांवर रांगत चहाचा कपभर बर्फ खरवडून आणला. दोघांनी हातमोजे काढून आळीपाळीने बोट लावलं. "कोल्ड," कबीर हळूच म्हणाला.

सोमवारी शाळेतल्या बाईंनी मला मुद्दाम थांबवलं. इराने वर्गात उभं राहून सुट्टीची हकिकत सांगितली होती म्हणे:

"इट स्नोड हीप्स. बट डोन्ट वरी, माय डॅड फिक्स्ड इट."