सत्काराआधीची बातमी

यशवंतराव बातमी आधी लिहायचे आणि कार्यक्रम नंतर व्हायचा. देवासच्या आमच्या व्यापारी मंडळाचे ते प्रचारमंत्री. हे पद कुणी मागत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच आहे. त्यांचं स्वतःचं दुकान घड्याळांचं. लोक मोबाइलात वेळ बघायला लागले तसे ते दुकानात कमी आणि मंडळात जास्त दिसायला लागले. मंचावर माइक त्यांच्याच हातात, आणि पेपरला जाणारी बातमीही त्यांचीच. ती टाइप करून पाठवायचं काम माझ्या झेरॉक्सच्या दुकानात होतं. मी अल्पना. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, पण काका म्हणते, आणि तोंडावर बोलायला कमी करत नाही.

इथल्या हिंदी पेपरांची पानं संध्याकाळीच लागतात. रात्रीच्या कार्यक्रमाची बातमी सकाळी यायला हवी असेल तर ती दुपारीच पाठवावी लागते. त्यामुळे पाहुणे यायच्या आधीच त्यांची 'गरिमामय उपस्थिति' लागायची, हॉलच्या खुर्च्या पुसल्या जात असताना इकडे 'तालियों की गड़गड़ाहट' झालेली असायची.

"काका, टाळ्या अजून व्हायच्यात," मी म्हणायची.

"होतील गं. देवासात टाळ्यांना कधी तोटा पडलाय?"

वर पुन्हा घराण्याचा दाखला. त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या दफ्तरात होते आणि दरबार भरायच्या आधीच दरबाराचा वृत्तांत लिहून ठेवायचे. खरं-खोटं देव जाणे. पण काकांना त्याचा भारी अभिमान होता, आणि आजवर त्यांची बातमी फारशी चुकलीही नव्हती. पाहुणे यायचे, खांद्यांवर शाली पडायच्या, टाळ्या व्हायच्या. सगळं ठरल्यासारखं पार पडायचं, म्हणून त्यांना कधी भीती वाटली नाही.

यंदाच्या मेळाव्यात मंडळानं दुर्गाचा सत्कार ठरवला. दुर्गा उज्जैन रोडला मोटार वाइंडिंग करते, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यात नवी तार भरते. नवरा गावोगाव जाऊन विहिरीतले पंप काढून आणतो आणि ही दुकानात बसून ते चालू करते. तिचं माहेर सरदारपूरचं. वडिलांना, बापूंना, हे धंद्याचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. मराठ्याच्या घरची पोर भर बाजारात काळे हात करून बसते, हे त्यांच्या डोक्यात इतकं बसलेलं की लेकीच्या घरी येत, पण दुकानाची पायरी ते कधी चढले नव्हते.

सत्काराचं कळल्यावर दुर्गा माझ्या दुकानात काकांना शोधत आली.

"काका, बापू येणार आहेत. सत्कार बघायला. मी खुद फोन केला तर हो म्हणाले." एवढं बोलून ती उगीचच हसत राहिली.

काका विरघळले. त्यांनी ठरवलं की दुर्गाचं नाव सगळ्यात शेवटी पुकारायचं, बापूंनाही मंचावर घ्यायचं आणि शाल त्यांच्या हातूनच घालायची. विचार चांगला होता, मी नाही म्हणत नाही. त्याच भरात मेळाव्याच्या दुपारी त्यांनी मला शेवटची ओळ सांगितली: 'पुत्री का सम्मान होते देख पिता की आँखें नम हो गईं।'

"बापूंना विचारलंत का?" मी म्हटलं.

"असल्या वेळी बापाचे डोळे ओले होतातच. तू पाठव."

मेळाव्याचे प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशिरा आले म्हणून जास्त बोलले. दुर्गा पुढेच बसली होती, महेश्वरी नेसून. हात केरोसीननं घासघासून लाल केले होते, तरी नखांतलं वार्निश गेलं नव्हतं. शेजारी बापू, कोऱ्या साफ्यात, ताठ. एकेक सत्कार होत गेला. शेवटी काका माइकवर म्हणाले, "और अब..." आणि दुर्गा खुर्चीतून अर्धी उठली. तेवढ्यात अध्यक्षांनी काकांचा कोपर दाबला. "भिया, अब समेटो. साहब को इंदौर निकलना है."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मी मागे उभी होते, मला स्पष्ट दिसलं की पाहिलं. मग म्हणाले, "और अब आभार."

दुर्गा तशीच क्षणभर अर्धवट उभी राहिली आणि मग पदर सावरल्यासारखं करून खाली बसली. बापू समोरच बघत होते. लोक जेवणाकडे धावले. काका पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून परत आले तोवर त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी त्यांना गाठलं. "पेपरला फोन करा. दुर्गाचं तेवढं काढायला सांगा."

"पान लागलं असेल आता." फोन त्यांच्या हातातच होता. "आणि राहू दे की. निदान पेपरात तरी येईल. पोरीला बरं वाटेल."

मला संताप आला. माणसाच्या तोंडचा घास काढायचा आणि वर जेवण छान झालं म्हणून छापायचं, ही कुठली भलाई? पण काकांना ती खरंच भलाई वाटत होती.

सकाळी पेपर आला. सगळं छापलं होतं, शाल, श्रीफळ, बापूंचे ओले डोळे. काका माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले, हातात कापडी पिशवी, तीत कालची उरलेली शाल आणि नारळ. चेहरा उतरलेला. छापलेलं वाचल्यावरच त्यांना कळलं असावं की आपण काय केलंय. "अल्पना, तू चल. मला एकट्याला जमायचं नाही."

दुकानात बापू स्टुलावर बसले होते. पायाशी त्यांची थैली, बसची वेळ होईपर्यंत थांबलेले. लेकीच्या दुकानात ते पहिल्यांदाच आले होते, आणि ते असे. समोरच्या टेबलावर पेपर होता. दुर्गा तार भरत होती.

"या काका," ती म्हणाली.

काकांनी "दुर्गा, काल ते..." एवढंच म्हटलं असेल, तोच एक गिऱ्हाईक मोटार घेऊन आत आलं. ओळखीचं, तोंडभर हसणारं.

"भाभी, बधाई हो. पेपर में पढ़ा. ये बापूजी ना? धन्य हैं आप." त्यानं वाकून बापूंच्या पायांना हात लावला. "शॉल तो दिखाओ, भाभी."

काकांच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर डोकावत होती. त्यांनी पिशवी हळूच मागे घेतली. दुर्गानं मान वर केली नाही.

"घर पे रखी है, भिया. मोटर इधर रख दो."

गिऱ्हाईक गेलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, मग काकांचं काय झालं असेल. त्यांनी पिशवीतून शाल काढली. "चुकलं माझं. बापूंच्या समोर देतो, घे पोरी."

"रहने दो, काका. गावाला वाटतंय ना की झालाय सत्कार? मग झाला. आता आणखी कितीदा करणार?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग बापू बोलले, काकांकडे न बघता. "काल घरी जाऊन मी हिला नाही नाही ते बोललो. म्हटलं, सत्कार वगैरे काही नव्हतंच, खोटं सांगून बोलावलंस मला. हिनं ऐकून घेतलं. सकाळी पेपर पाहिला तेव्हा म्हटलं, ही बातमीही हिनंच सांगून लावली असणार. आता कळलं कुणाची ते." ते उठले, थैली खांद्याला लावली. "माझी पोर खोटं बोलत नव्हती, साहेब. आज माझ्यासमोर बोलली. तुमची लाज राखायला."

काकांनी शाल पुन्हा पिशवीत ठेवली. बापू पायरी उतरून गेले.

आता काका कार्यक्रम झाल्यावरच बातमी लिहितात. ती शिळी होते, पेपर कधी घेतात, कधी नाही, अध्यक्ष कुरकुरतात. काका ऐकून घेतात. ती पिशवी घड्याळांच्या दुकानात खुंटीला तशीच आहे, मीही विचारत नाही. उज्जैन रोडनं जायचं ते टाळतात. पण देवास केवढंसं? भाजीबाजारात कधी दुर्गा समोर येते, थांबते, आणि पूर्वीसारखंच "नमस्कार काका, बरे आहात ना?" म्हणते. त्या दिवशी ते लवकर दुकान बंद करून घरी जातात.