धर्मराज कोळ्यांचा भरतीचा फळा

पनवेलच्या खाडीत एका शनिवारी धर्मराज कोळ्यांची होडी चिखलात बसली ती सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत. होडीत ते होते आणि खारघरच्या कॉलेजात शिकणारी त्यांची पूर्वी नावाची पुतणी. दोघंही धक्क्यावरून स्पष्ट दिसत होते, त्यामुळे अख्खा कोळीवाडा बघायला जमला. धर्मराजांच्या बायकोनं, शांतीनं, फोन करून विचारलं, "जेवायला येताव ना?"

पूर्वीनं मोबाईलवर बघून सांगितलं होतं, पूर्ण भरती नऊला, आणि धर्मराजांनी त्या दिवशी पहिल्यांदाच आपला नेहमीचा हिशेब सोडून तिचं ऐकलं होतं. प्रत्यक्षात ती सातलाच होऊन गेली होती. जाळं काढेपर्यंत खालचं पाणी निघून गेलं.

दुसरा कोणी असता तर मोबाईलला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. धर्मराज मात्र होडीत बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, यो नऊ वाजता म्हनतो तो कुठं बसून म्हनतो, ता बघ ना."

पूर्वीनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या साइटनं आपल्या मनानं 'जवळचं ठिकाण' म्हणून गुजरातच्या किनाऱ्यावरचं एक बंदर निवडलं होतं.

"मंग त्याचं चुकलं नाय," धर्मराज म्हणाले. "तिथं नऊलाच आली असल. आपुनच इचारलं नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्याच्या खांबावर वीत-वीतभर अंतरानं पांढऱ्या रेघा मारल्या. पूर्वीनं चार नवी ॲप आणि साइट शोधल्या. महिनाभर धर्मराज घड्याळ घेऊन खांबापाशी उभे राहायचे आणि पाणी सगळ्यात वर कधी पोचलं ते वहीत लिहायचे. शेजारी मोबाईलमधल्या चौघांचे आकडे. पाचवा रकाना त्यांच्या वडिलांचा होता. वडिलांनी शिकवलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चाळीस वर्षं धर्मराज त्याच हिशेबावर खाडीत जात होते. आपलाच रकाना जिंकणार, याची त्यांना खात्री होती.

आठवडाभरात पूर्वी म्हणाली, "काका, तिघांचे आकडे रोज सेम आहेत. तिघं सांगतायत म्हणजे बरोबरच असणार."

"तिघांनी एकाचंच आयकलं असल तर?"

तिनं प्रत्येक पानाच्या तळाशी जाऊन बारीक अक्षरं वाचली. तिघांनीही मुंबई बंदराचं एकच कोष्टक घेतलं होतं. साक्षीदार तीन नव्हते, एकच होता. खाडीत आत पाणी चढायला वेळ लागतो, म्हणून ती वेळ रोज साधारण चाळीस मिनिटं आधीची यायची. चौथं ॲप कधी तासभर आधी, कधी तासभर नंतर. दिसायला तेच सगळ्यात देखणं होतं, निळ्या लाटा हलायच्या त्यात.

"यो काढून टाक," धर्मराज म्हणाले. "रोज चाळीस मिनटा चुकतो त्याच्यासंगं काम करता येतं. हा कधी चुकल त्याचा नेम नाय."

आणि वडिलांचा रकाना? पौर्णिमा-अमावास्येला झकास. अष्टमीच्या आसपास मात्र तासाहून जास्त चूक. ती आकडेवारी लिहिताना धर्मराज बराच वेळ पेन हातात धरून बसले. शांती म्हणाली, "नका लिवू. कोन बघताय?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले, आणि लिहिलं.

मग धक्क्यावर फळा आला. रोज सकाळी त्यावर खडूनं भरती-ओहोटीच्या वेळा, खाली 'मुंबईची वेळ अधिक चाळीस मिनिटं'. होड्या त्यावर निघू लागल्या.

मार्गशीर्षात कोळीवाड्यातल्या सोनाबाईंच्या नातीची, सुनीताची हळद होती. मांडव खाडीकाठीच. हळदीच्या दिवशी सकाळीच सगळ्यांच्या फोनवर निरोप आला: 'आज संध्याकाळी साडेसातला महाकाय भरती, किनारे रिकामे करा, सर्वांना पाठवा.' सोनाबाई रडकुंडीला आल्या. मांडववाले दोर सोडायला लागले.

धर्मराजांनी निरोप दोनदा वाचून घेतला. "आजचा म्हंजे कुठल्या तारखेचा? पाठवला कोनी?" कशाचाच पत्ता नव्हता. "आज द्वितीया. फळ्यावर दोनला भरती हाय, साडेसातला पानी पार खाली. साडेसातला भरती आनायची तर चंद्रालाच सांगावं लागल."

तरीही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पूर्वीनं हवामान खात्याचं पान उघडलं, तिथं कसलाच इशारा नव्हता. तहसील कार्यालयात फोन केला, तिथंही नाही. "मांडव ऱ्हऊद्या," धर्मराज म्हणाले. "पन चुली वर घ्या. दोनचं पानी मोठं हाय."

दोनला पाणी चुलींच्या जुन्या जागेला शिवून गेलं. साडेसातला खाडीत नुसता चिखल होता, आणि मांडवात सोनाबाई सगळ्यांच्या पुढे नाचत होत्या.

हल्ली धर्मराजांच्या फोनवर गुडघेदुखीवरच्या तेलाचा एक व्हिडिओ फिरतो आहे. तेल घरीच बनवायचं आहे, म्हणून त्यांनी ते करून बघायला घेतलंय. फक्त डाव्या गुडघ्याला. उजवा कोरडा ठेवलाय, आणि वहीत दोन्ही गुडघ्यांचे रकाने आखलेत. शांती म्हणते, माणूस वेडा झालाय. पंधरा दिवस झाले, अजून दोन्ही सारखेच दुखतात.