परत न येणारे पलंग

एमसीएला आम्हाला सिस्टीम अॅनालिसिस हा विषय होता आणि तो शिकायचा होता चौघांनी मिळून एक प्रोजेक्ट करून. एखादं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जाऊन बघायचं, कागदावर चौकोन आणि बाण काढून मांडायचं आणि मग त्यासाठी सॉफ्टवेअर बांधायचं. मला वाटलं, हा तर माझाच विषय. मला लहानपणापासून सगळं चौकटीत बसलेलं लागतं. घरात कात्री जागेवर नसली तरी माझं डोकं फिरतं. आई म्हणायची, हिच्या सासरच्यांचं काही खरं नाही.

दरवर्षी बहुतेक टीम लायब्ररीचं सॉफ्टवेअर करायच्या. पुस्तक दिलं, पुस्तक परत आलं, उशीर झाला तर दंड. मॅडमना त्याचा वीट आला होता. "लायब्ररी छोड़ के कुछ भी लाओ," त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं, "और बनाने से पहले जाके देखो. देखता कोई नहीं."

मी आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाचं रुग्णसाहित्य सुचवलं. मंडळाकडे दवाखान्यात असतात तसे डोक्याकडून वर उचलता येणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर असं सामान आहे. घरी कुणी अंथरुणाला खिळलं की ते फुकट वापरायला मिळतं. टीममध्ये मी, गुढियारी मोहल्ल्यातली माझी मैत्रीण आणि कोडिंग करणारे दोन पोट्टे. त्यातला एक छत्तीसगढी. त्याला मराठी सगळं समजायचं, पण काहीही सांगितलं तरी उत्तर एकच, "हव", म्हणजे हो. मग ते काम होणार की नाही, हे त्या 'हव'वरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

आम्ही चौघांनी काय केलं, तर लायब्ररीच उचलली आणि पुस्तकाच्या जागी पलंग लिहिला. पलंग दिला, पलंग परत आला. मुदत उलटली की त्या घरी आपोआप मेसेज जाणार, 'कृपया साहित्य त्वरित परत करावे.' हा मेसेज हववाल्याचा लाडका होता. तो स्वतःच्या फोनवर पाठवून पुन्हा पुन्हा वाचायचा. चौकोन सरळ, बाण सरळ, मी खूश. एवढं झाल्यावर, मॅडम विचारतील म्हणून, आम्ही मंडळाची खोली बघायला गेलो.

खोली हॉलच्या स्टेजमागे आहे. तिथलं काम बघणारे काका निवृत्त, बोलायला कंजूस. त्यांनी कुलूप काढलं. आत हवा गेलेली एक व्हीलचेअर, थोडे वॉकर आणि मखराचा थर्माकोल. पलंग एकही नाही.

"काका, पलंग कुठे आहेत?"

"बाहेर."

"परत कधी येतात?"

"येत नाहीत."

मी पेन खाली ठेवलं. "येत नाहीत म्हणजे? चोरीला जातात?"

"काहून चोरीला जातील?" काकांनी चष्मा पुसला. "पुढे जातात. ज्याच्या घरचं काम झालं तो पुढच्याच्या घरी पोचवून देतो. इथे आणा, इथून पुन्हा न्या, एवढी हमाली कोण करेल?"

"पण मग आत्ता कुणाकडे आहेत?"

"असतील कुठेतरी. कामातच असतील."

परतताना मी वाटभर बडबडत होते. ही काय सिस्टीम आहे? हा तर नुसता भोंगळ कारभार! मैत्रीण हसत होती. "तू पहिले चहा पी," ती म्हणाली, "पलंगाले पाय फुटले म्हणून तू काहून एवढी तापून राहिली?"

पुढच्याच आठवड्यात तिची आई नळाजवळ घसरली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वडील रेल्वेत, ड्युटीची वेळ ठरलेली नाही. दुसरं भावंड नाही. डॉक्टरांनी सांगितलं की डोकं वर करता येईल असा उंच पलंग घरी असेल तर एक माणूस सगळं सांभाळू शकेल, खाली जमिनीवर किंवा बुटक्या खाटेवर ठेवू नका. भाड्यानं घेण्याची घरची ऐपत नव्हती. गोंदियाचे मामा येऊन म्हणाले, मी घेऊन जातो, आमच्याकडे माणसं आहेत. पण आई लेकीशिवाय कुणाच्या हातून धड जेवतही नव्हती, म्हणजे मैत्रिणीलाही जावं लागणार. परीक्षा तोंडावर आली होती. एकदा गेली असती तर तिचं शिक्षण तिथेच थांबलं असतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मले माह्याच घरी न्या," ती भिंतीला सांगत होती. "भावाच्या दारी पडून नाही राहत मी." शुक्रवारी तिला दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. मैत्रिणीनं मला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि हात धरला. "यार, तुह्या त्या काकाले विचार ना. एखादा तरी पलंग भेटन का?"

मी काकांकडे गेले. त्यांना एकेका पलंगाचं पहिलं घर तेवढं आठवत होतं. त्यांनी ते नंबर दिले आणि म्हणाले, "यांना विचारा पुढे कुठे गेला. मग त्यांना विचारा." मैत्रीण दवाखान्यात होती, म्हणून आम्ही तिघांनीच स्टेजवर मोठा चार्ट पेपर पसरला, गुडघ्यावर बसलो आणि फोन लावायला घेतले. एका पलंगाला एक रंग. घर म्हणजे चौकोन, पलंग पुढे गेला की बाण.

पहिला फोन समता कॉलनीतल्या एका बाईंना लागला. फोन स्पीकरवर होता. मी पलंगाचं विचारलं तशा त्या म्हणाल्या, "तो होय? आमचे हे गेले ना, त्याच्या तिसऱ्याच दिवशी पुढे पाठवला मी. टिकरापारात एका पोरीचा पाय मोडला होता. चालते आता ती. मी जाऊन पाहून आले." त्यांनी त्या पोरीच्या घरचा नंबर दिला आणि विचारलं, "तुमच्या घरी कोण आजारी आहे, बाई?"

फोन ठेवल्यावर हववाला उठला, लॅपटॉप उघडला आणि 'त्वरित परत करावे'चा तो मेसेज पुसून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं.

मग फोनमागून फोन. टिकरापारातून पलंग एका सिंधी घरी गेला होता, तिथून एका मास्तरांकडे. निळा पलंग भिलाईला जाऊन पुन्हा रायपुरात आला होता. एक तर अशा घरी होता जिथे आमच्या मंडळाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. "किसी भले आदमी ने दिया था," एवढंच त्यांना माहीत होतं. एकही माणूस फोनवर चिडला नाही. प्रत्येकानं आधी विचारलं, कोण आजारी आहे? वय काय? आणि मग पुढचा नंबर शोधून दिला.

दोन दिवसांत चार्ट पेपर भरला, त्याला दुसरा जोडला, मग तिसरा. मी खुर्चीवर उभी राहून वरून पाहिलं. सगळ्या रंगांचे बाण घरातून घरात गेले होते. मधोमध आम्ही मोठ्या हौसेनं काढलेला 'स्टोअर' नावाचा चौकोन होता आणि त्याच्याकडे परत येणारा एकही बाण नव्हता. तरी पलंग हरवला नव्हता. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी नियम केला नव्हता, कुणाला पुढचं घर सोडून काही दिसतही नव्हतं. आणि हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं, माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यांवर, मी ज्या घरांवरून स्कूटी दामटत गेले होते त्यांच्या आत. ज्याला मी भोंगळ म्हणाले होते ते माझ्या कुठल्याही चौकोनापेक्षा मोठं होतं. मला रडू येतंय की हसू, हेही कळेना.

पण पलंग मात्र एकही मोकळा नव्हता. गुरुवारची दुपार झाली होती. मामांनी गाडी सांगून ठेवली होती. शेवटी हिरव्या रंगाचा शेवटचा फोन शंकर नगरच्या एका घरी लागला. तिथल्या सूनबाई माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "ताई, पलंग हवाय का? अहो, आम्हीच कधीचे शोधून राहिलो कोणी घेणारं! सासरे आता बागेत फिरायला जातात. रिकामा पलंग घरात पाहवत नाही हो."

गुढियारीत एक बाई पलंगावाचून घरी येऊ शकत नव्हती आणि शंकर नगरात एक पलंग माणसावाचून उभा होता. मधे होतं काय? ओळख नव्हती, एवढंच. इतके दिवस मॅडम शिकवत होत्या ते मला तेव्हा कळलं. आमचं सॉफ्टवेअर पलंग परत मागण्यासाठी लागणारच नव्हतं. या दोन घरांची गाठ घालून द्यायला लागणार होतं.

आम्ही छोटा टेम्पो घेऊन लगेच निघालो. पलंग बाहेरच्या खोलीत काढून ठेवलेला होता आणि त्यावर कोरी चादर, घडीच्या रेषा दिसत असलेली. मी म्हटलं, चादर कशाला? सूनबाई म्हणाल्या, "उघडा पलंग देत नाहीत. आम्हाला आला तेव्हाही नवीन चादर होती." मग खाली वाकून त्यांनी हँडल दाखवलं. "हे जरा वर उचलून फिरवायचं, नाहीतर घसरतं. आम्हाला ज्यांनी दिला त्यांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी." सासरे दारात उभे राहून बघत होते. टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी हात हलवला, आम्हाला की पलंगाला, देव जाणे.

गुढियारीची ती गल्ली इतकी अरुंद की टेम्पो तोंडाशीच थांबला. मैत्रीण धावत आली आणि तिच्यामागे सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला. पलंग डोक्यावरून घरात गेला. शुक्रवारी आई त्यावर टेकली, तिनं चादरीवरून हात फिरवला आणि मामांकडे बघून पहिल्यांदा हसली. मामा एकटेच गोंदियाला गेले.

प्रोजेक्ट आम्ही पुन्हा पहिल्यापासून मांडला. मैत्रीण आईच्या पायथ्याशी बसून लॅपटॉपवर काम करायची आणि आई तिला मधूनच विचारायची, "झालं का तुमचं पलंगाचं?" दोनच गोष्टी ठेवल्या, पलंग मोकळा झाला आणि पलंग हवा आहे. हववाल्यानं एक जागा वाढवली, पुढच्या घराला सांगायच्या गोष्टींसाठी. तिथे पहिलं वाक्य हँडलचं लिहिलं.

तोंडी परीक्षेत मॅडमनी स्क्रीन पाहिलाच नाही. 'स्टोअर'चा चौकोन खोडून आम्ही ते चार्ट भिंतीवर लावले होते, त्यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या. "स्टोअर कहाँ है?" त्यांनी विचारलं.

"नहीं है, मैडम."

"तो सामान रहता कहाँ है?"

"घरों में."

त्या एकेका बाणावरून बोट नेत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "ये किसने डिज़ाइन किया?"

उन्हाळा सरता सरता मैत्रिणीचा फोन आला, पलंग चाललाय, ये. मी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. एक मुलगा आपल्या वडिलांसाठी पलंग न्यायला आला होता. पाऱ्यातल्या पोरांनी तो पुन्हा डोक्यावर घेतला. खोली एकदम मोठी दिसायला लागली. आणि दारात, चौकट धरून, मैत्रिणीची आई उभी होती. आपल्या पायांवर. कुणी तिला धरलं नव्हतं.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिनं रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाली, "गोंदियाले फोन लाव. मामाले म्हण, आता जागा झाली, तूच ये राहाले माह्या घरी."

मैत्रिणीनं फोन हातात घेतला, पण डोळे इतके भरले होते की तिला नंबरच दिसेना. शेवटी मी लावून दिला.