सातव्या टप्प्याची मजुरी

दिनांक तीन मार्च. जीव तीन.

टपालवाल्याच्या जुन्या व्हिडिओ खेळाची नवी आवृत्ती त्या दिवशी बाजारात आली. पडदा उजळला की वरच्या कोपऱ्यात जीवांचा हा आकडा दिसतो. जुन्या पद्धतीने खेळणाऱ्याला तीन जीव, नवी पद्धत निवडणाऱ्याला हवे तितके. खेळ साधा आहे. खांद्यावर झोळी घेतलेला एक बुटका टपालवाला दगडावरून दगडावर उड्या मारत जातो, खड्डे आणि काटे चुकवतो आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एका दारात पत्र टाकतो. तेहतीस वर्षांपूर्वी तो ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचा होता. आता एक बटण दाबले की ठिपके विरघळतात, झोळीची शिवण दिसू लागते, ढगांना सावल्या येतात आणि मागे व्हायोलिन सुरू होते. पुन्हा दाबले की ठिपके परत. जाहिरात याला ‘हरवलेले बालपण’ म्हणते. ते बालपण कोणी, कोणत्या खोलीत आणि काय दराने तयार केले, याबद्दल जाहिरातीत अक्षर नाही.

ते तयार करणाऱ्या सात जणांत एक बाई होत्या. खेळाच्या कंपनीत येण्यापूर्वी त्या विणकामाचे नमुने काढत. लोकरीच्या पाकिटासोबत चौकटींचा छापील कागद येतो आणि कोणत्या टाक्याला कोणता रंग हे त्यावर भरलेले असते, ते त्यांचे काम. सोळा चौकटींच्या उंचीत हरीण किंवा जहाज बसवणे हा त्यांच्या हातचा मळ होता, आणि कंपनीच्या थोरल्या मालकांना नेमके तेच हवे होते. कार्यालयातले लोक त्यांना टाकेवाल्या बाई म्हणत. पगार नव्हता. कागदामागे मजुरी होती, आणि एका कागदाची मजुरी लोकरीच्या एका गुंड्याच्या किमतीएवढी होती.

कामाच्या खोलीला एकच खिडकी होती. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून तिच्या काचा काळ्या रंगाने रंगवलेल्या होत्या. संडास खालच्या मजल्यावर, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यासोबत सामायिक होता, आणि तिथला आम्लाचा वास जिन्यावरून वर येऊन कपड्यांत बसे. बाई पाणी कमी पीत. बाईंनी एक कागद भरला की शेजारी बसलेला आकडे भरणारा त्यातल्या ओळी एकेक करून यंत्रात घाली. पहिली ओळ पडद्याच्या माथ्याला, शेवटची तळाला.

सातव्या टप्प्याच्या वेळी बाईंची आई अंथरुणाला खिळली. काम थांबवणे परवडणारे नव्हते, म्हणून बाईंनी ते घरी नेले आणि उशाशी बसून अकरा दिवसांत संपवले. तिसऱ्या दिवशी कार्यालयाचे कागद संपले, तेव्हा त्यांनी घरातला विणकामाच्या कागदांचा गठ्ठा काढला आणि आधीचे कागदही त्यावरच उतरवून घेतले, सगळे एकसारखे दिसावेत म्हणून. चौकटी तेवढ्याच होत्या. पण स्वेटर खालून वर विणला जातो, त्यामुळे त्या कागदावर ओळींचे छापील आकडे खालून सुरू होतात. बाईंचा हात त्या आकड्यांना इतका सरावलेला होता की ते त्यांना दिसलेच नाहीत. आकडे भरणाऱ्याने पहिली ओळ माथ्याला घातली, आणि एक्केचाळीस कागदांचा अख्खा टप्पा पडद्यावर उलटा उमटला. जमीन वर गेली, झाडे लोंबू लागली, गुहेच्या छताचे सुळे पायाखाली उभे राहिले. टपालवाला मात्र सरळच होता, आणि तो ढगांवरून चालू लागला. चालू शकला, कारण नमुन्याची वरची आणि खालची किनार सारखीच जाड ठेवायची, ही विणकामातली सवय बाईंनी ढगांच्या रांगेतही सोडली नव्हती.

खोकी छापून झाली होती, दुरुस्तीला वेळ नव्हता. खेळ तसाच गेला. मजुरीच्या दिवशी थोरल्या मालकांनी एक्केचाळीस कागद बाजूला काढले.

“बाई, स्वेटर उलटा विणलात तर गिऱ्हाईक पैसे देतं का?”

“नाही देत, साहेब. पण गिऱ्हाईक तो उलटा स्वेटर पुढे विकतही नाही.”

खोलीत कोणीतरी हसले. पुढच्या महिन्यात बाईंना बोलावणे आले नाही.

त्यानंतरची वर्षे त्यांनी शाळांचे गणवेश विणणाऱ्या यंत्रावर काढली. आई गेली. बहीणही गेली, आणि तिची मुलगी बाईंकडे राहायला आली. इकडे खेळ खपत राहिला, आणि लोकांच्या मनात राहिला तो नेमका सातवा टप्पा. थोरले मालक मुलाखती देऊ लागले. लहानपणी खाटेवरून डोके खाली सोडून आपण जग पाहत असू आणि तेव्हाच ही उलटी गुहा सुचली, असे ते सांगत. एका मुलाखतीत त्यांचे डोळे पाणावलेही. ही मुलाखत भाचीने मोबाईलवर दाखवली तेव्हा बाईंनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि उठून चूळ भरली.

मालक वारले, कारभार मुलाकडे आला. नव्या आवृत्तीच्या तयारीत एका जुन्या खोक्यातून ते विणकामाचे कागद निघाले. त्यांवर बाईंचे अक्षर होते. धाकट्या मालकांनी गाडी पाठवली.

कंपनीच्या तळमजल्यावर जुनी खोली पुन्हा उभारलेली होती. भेट देणाऱ्यांनी तिथे फोटो काढावेत अशी योजना होती. काळी खिडकी होती, तिच्यामागे मंद दिवा होता. टेबलावर चहाच्या कपाचे गोल डाग होते, आणि ते एका चित्रकाराकडून मोजमापाने काढून घेतले होते. हा बेशरमपणा कोणालाही खुपत नव्हता. माणसांना कोंडून काम करून घ्यायचे, आणि मग त्या कोंडवाड्याचे तिकीट लावायचे! सजावट करणाऱ्याने मोठ्या उत्सुकतेने विचारले, अगदी असेच होते ना?

“वास नाही,” बाई म्हणाल्या.

त्याने गंभीरपणे वहीत टिपून घेतले. वास आणता येईल, म्हणाला, तशा कुप्या मिळतात.

वरच्या मजल्यावर बावीस मुली-मुलगे जुनी चित्रे नव्याने रंगवत बसले होते. एकीने बाईंना आपला पडदा दाखवला. जुन्या पद्धतीचे ठिपके फार नीट आल्यामुळे खोटे वाटत होते, म्हणून ती मुद्दाम चुका पेरत होती. दर चित्रामागे पैसे, ती म्हणाली. परत आलेल्या चित्राचे काही नाही. बाईंनी तिच्या पडद्याऐवजी तिच्या डोळ्यांकडे पाहिले. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या.

धाकट्या मालकांच्या खोलीत कागद तयार होता. सातव्या टप्प्याची चित्रे थोरल्या मालकांच्या कल्पनेनुसार आणि त्यांच्या देखरेखीखाली काढली, असे त्यात लिहिले होते. खाली सही करायची, मग जाहिरातीसाठी त्या खोट्या खोलीत बसून दोन शब्द बोलायचे. बदल्यात कृतज्ञतेपोटी एक रक्कम मिळणार होती. तीत बाईंच्या डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे बिल भागून वर्षभराचे घरभाडे उरले असते.

“काकू, तुम्ही आमच्या घरच्याच,” धाकटे मालक म्हणाले.

बाईंनी विचारले की एक्केचाळीस कागदांची मजुरी राहिली आहे, ती आधी देणार का. त्या वेळच्याच दराने, व्याज नको. धाकटे मालक हसले. म्हणाले, त्याच्या कितीतरी पट तर इथे लिहिली आहे. बाई म्हणाल्या, कितीतरी पट नको, तेवढीच द्या, फक्त पावतीवर मजुरी असा शब्द घाला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वकिलाने नकारार्थी मान हलवली आणि तो मालकांच्या कानाशी लागला. मजुरी दिली म्हणजे ते काम झाले होते, असे कबूल केल्यासारखे होते. कृतज्ञतेत तसली अडचण नव्हती. ज्या व्यवस्थेला एक्केचाळीस गुंडे लोकरीची किंमत चुकवणे जड जाते आणि दानधर्म मात्र हलका वाटतो, तिच्या औदार्याची शिसारी यावी, एवढी शुद्ध तरी माणसाला असायला हवी. बाईंना होती.

त्यांनी कागद तसाच परत सरकवला. सोबत आलेल्या भाचीने त्यांना जिन्यात गाठले. ती चिडली होती आणि तिचे चिडणे खोटे नव्हते.

“मावशी, डोळा जाईल तुझा. पैशाला काय नाव असतं? घे ना गपचूप.”

“पैशाला नसतं. पावतीला असतं.”

“पावती घेऊन बघणार आहेस का तू?”

“तू वाचून दाखव.”

बसमध्ये भाचीने मावशीचा हात धरून तिला खिडकीकडे बसवले आणि घरापर्यंत बाहेर बघत राहिली.

कंपनीचे काही अडले नाही. जाहिरातीत त्या खोट्या खोलीत एक वयस्क नटी बसलेली आहे. मांडीवर लोकर, ओठांवर तृप्त हसू. मालक दयाळू होते, असे ती सांगते. श्रेयनामावली पडद्यावरून चार मिनिटे सरकते. तीत थोरल्या मालकांचे नाव दोनदा आहे, वकिलांचे आहे, जेवण पुरवणाऱ्यांचेही आहे. वरच्या मजल्यावरचे बावीस जण ‘आमचा परिवार’ या दोन शब्दांत मावले आहेत. सातव्या टप्प्यात नवी पद्धत निवडली तर गुहा हलकेच फिरते आणि व्हायोलिन गळा काढते. त्या वेळी अनेकांना रडू येते, असे कंपनी सांगते. बाईंच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते. त्या उजव्या डोळ्याने विणतात.

सातव्या टप्प्याच्या एक्केचाळीस कागदांची मजुरी, ठरलेल्या दराने, अद्याप दिलेली नाही.