रांजणामागची डबी

फेब्रुवारीत विद्यापीठातल्या एक संशोधक बाई आमच्या गावात आल्या आणि माझ्या हातात बारा पांढऱ्या डब्या ठेवून गेल्या. डबी चुन्याच्या डबीएवढी. घरातली उष्णता ती दर तासाला टिपणार. पत्र्याच्या बारा घरांत खाटेच्या वर खिळ्याला एकेक टांगायची, महिन्याला मी जवळ मोबाइल धरायचा, की आकडे बाईंकडे. जी घरं सगळ्यात तापतील, त्यांचे पत्रे उन्हाळा भरात येण्याआधी पांढऱ्या रंगाने रंगवून मिळणार होते.

मी गावातला शिक्षक, त्यातून हौशी नाटकवाला. नुसती डबी टांगून मुकाट निघून येणं माझ्याच्याने होणार होतं का? प्रत्येक दारात मी ती दोन बोटांत धरून उंच करायचो, आवाज खर्जात न्यायचो आणि म्हणायचो, "अशी वस्तू कलेक्टरसाहेबांच्या घरातसुद्धा नाही. जिवापाड जपा!" बायका डोळे मोठे करून ऐकायच्या. मला कोण आनंद!

शेवटचं घर मावशींचं. रक्ताच्या नव्हेत, अख्ख्या गल्लीच्या मावशी. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, एका खोलीत त्या एकट्या. आठ दिवसांनी डोकावलो तर खिळा रिकामा. डबी रांजणामागे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वर कुंकवाचं बोट.

"मावशी, हे काय केलंत?"

"आवो गुर्जी, वर पत्रा लय तापायलाय. कलेक्टराघरी न्हाई अशी वस्तू, तिची लाही व्हायची की तिथं."

मी पोट धरून हसलो. खरं तर तेव्हाच डबी परत टांगायला हवी होती. पण इतका फर्मास किस्सा मोडायला हात होईना. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मी तो मावशींच्या आवाजात तीनदा करून दाखवला. महिना भरला तसा रांजणामागेच मोबाइल धरला आणि आकडे पाठवून दिले. पुढच्या महिन्यातही.

एप्रिल संपता संपता बाईंचा फोन आला. "सर, एक घर यादीतून वगळलंय. पत्र्याचं असून इतकं गार कसं हो? काय करतात तिथे?"

मी सांगितलं. टपरीवर तीनदा टाळ्या घेतलेला किस्सा, पण पलीकडून हसू आलं नाही.

"सर, डबी रांजणामागे. आणि त्या स्वतः कुठे बसतात?"

मला उत्तर ठाऊक होतं. "खाटेवर, पत्र्याखालीच," मी म्हणालो.

"पुढचे चार दिवस फार वाईट दिसतायत," त्या म्हणाल्या. "रंगवणारी माणसं त्यानंतरच येतील. तोवर त्यांना तिथे ठेवू नका."

दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुत्री नालीत अंग टाकून पडलेली. मी जवळून गेलो तरी एकानेही मान उचलली नाही. मावशींच्या दाराची कडी धरली आणि हात झटकन मागे घेतला.

मावशी खाटेखाली भुईवर बसल्या होत्या. चेहरा लाल, घाम मात्र टिपूसभर नाही. टँकर दोन दिवस आला नव्हता. रांजणाचा तळ दिसत होता. डबीवरचं फडकं मात्र ओलं होतं.

"हे पाणी कुठलं?"

"तांब्यात व्हतं वाईच. कोरडी पडायली व्हती ती."

"आणि तुम्ही प्यालात का?"

"पिते की मागून."

फडकं काढून मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्यांनी ते ढकललं. "मला कशाला? तुमीच म्हणलात, जिवापाड जपा."

डबी खिळ्याला टांगली, मोबाइल जवळ धरला. थोड्या वेळाने आकडा आला. समोर येईल ते मोठ्याने वाचायची माझी खोड. तो आकडा मी वाचला नाही.

"काय म्हणती?" मावशींनी विचारलं.

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. आमचं घर दहा पावलांवर, तरी त्या दोनदा बसल्या. त्याआधी उंबऱ्यातच थांबून त्यांनी मागे खिळ्याकडे पाहिलं होतं.

"गुर्जी, तिला एकटीलाच ठिवायचं व्हय ह्या भट्टीत?"