दोघं आत, एक बाहेर

माझ्या ताईच्या घरात तिघं राहतात असं मी नेहमी म्हणते: ताई, भावोजी आणि भावोजींच्या कॅमेऱ्याची लेन्स. लेन्सला माणसात धरायचं कारण म्हणजे तिचा थाट. गाडीत ती पुढच्या सीटवर बसते, पट्टा लावून, ताई मागे. तिला ऊन-धूळ लागू नये म्हणून ताईने गवती रंगाचं अंगडं शिवलंय, चांगलं बंदांसकट. उचलायची तर तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत घ्यावी लागते. एकदा मी तिच्यावर शाल पांघरली आणि शेजारीण आल्यावर म्हटलं, "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय." ताई हसून हसून बेजार झाली. भावोजी हसले नाहीत. त्यांना वाटलं शालीचे धागे काचेला लागतील.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे टोचणाऱ्या दांड्या गरम करून वाकवायच्या, म्हाताऱ्यांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं. तिला स्वतःला चष्मा नाही. समोरच्या गच्चीवरच्या दोरीवर कुणाचा मोजा एकटाच लटकतोय, हेसुद्धा ती घरात बसून सांगते. भावोजींनी ही नजर लग्न झाल्याझाल्या हेरली आणि कामाला लावली.

तेव्हा त्यांना विमानांचं वेड होतं. शहराबाहेरच्या धावपट्टीवर वर्षातून एकदा हवाई कसरती व्हायच्या. मोठ्या लेन्समधून आकाशाचा रुमालाएवढा तुकडा दिसतो. विमान त्या तुकड्यात सापडेपर्यंत नुसता निळा रंग बघत बसायचं. म्हणून ताईने शेजारी उभं राहून ओरडायचं, "डावीकडून! खालून! दोन आहेत!" भावोजी गर्रकन लेन्स फिरवणार, आणि ताईने त्याच क्षणी खाली वाकायचं, नाहीतर डोक्यात टोला. एका वर्षी तिला वाकायला उशीर झाला आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. भावोजींनी आधी लेन्स तपासली. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. ताईनेच मला सांगितलं, तेही हसत. मला काही हसू आलं नाही.

पुढे त्या कसरती बंद झाल्या आणि भावोजी पक्ष्यांकडे वळले. मला वाटलं, चला, ताईची मान सुटली. कसली सुटतेय!

पक्ष्याच्या घरट्यापासून बऱ्याच अंतरावर एक छोटा तंबू ठोकतात. त्याला लपण म्हणतात. लेन्स मोठी म्हणून तंबू लांब ठेवता येतो. पण कितीही लांब ठेवला तरी माणूस चालत येताना दिसला की पक्षी उडतोच, आणि माणूस आत शिरलेला पाहिला की तो आत आहे तोवर घरट्यावर परतत नाही. यावर लपणवाल्यांची जुनी युक्ती आहे. दोघांनी आत जायचं. थोड्या वेळाने एकाने बाहेर पडायचं आणि चांगलं दिसेल असं, हात हलवत निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. त्याला वाटतं, गेला माणूस, आणि तो निवांत परततो. संध्याकाळी याच्या उलट. गेलेल्याने परत यायचं, पक्षी उडेल, मग दोघांनी मिळून बाहेर पडायचं. आतल्याने एकट्याने कधीही बाहेर यायचं नाही. रिकाम्या तंबूतून अचानक माणूस निघालेला पक्ष्याने पाहिला, तर तो घाबरून घरटंच टाकून देतो आणि पिल्लं उपाशी मरतात.

निघून जायचं काम ताईचं. परत यायचंही तिचंच.

घरट्यांचे दिवस आले की ताईचे सगळे रविवार गेलेच म्हणायचे. सकाळी भावोजींना लपणात सोडायचं आणि दिवसभर रस्त्याकडेला गाडीत बसायचं. घरी जाता येत नाही, कारण भावोजींना आत काही झालं तर? लपणात फोन बंद. गाडीत रेडिओ लावायचा नाही, दार आपटायचं नाही. काच उघडी ठेवली तर डास, बंद केली तर भट्टी. मी तिच्या सोबतीला जाते, म्हणून मला हे माहीत. आमच्या मावसबहिणीचं लग्न ताईने यातच चुकवलं, का तर कुठल्याशा पिल्लांना पंख फुटत होते. वर भावोजी म्हणतात, "मी बिचारा त्या डबीत कोंडलेला, आणि तुम्ही बहिणी बाहेर मोकळ्या हवेत गप्पा झोडता."

एका रविवारी अशाच भट्टीत बसलेलो असताना ताई म्हणाली, "मी अजून एकदासुद्धा बघितलं नाही गं."

"काय?"

"पक्षी घरट्यावर बसलेला. मी आत जाते तेव्हा तो उडालेला असतो. मी निघते तेव्हा आलेला नसतो. संध्याकाळी तर मीच येते, म्हणून उडतो."

मला चटका बसला. घरभर फोटो लावलेत, घास भरवणाऱ्या आया, चोची वासलेली पिल्लं. आणि यातलं काहीच हिने पाहिलेलं नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने भावोजींना कितीदा तरी विचारलं होतं, एकदा मला आत बसू द्या. उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी." कधी उजेड फार छान असायचा, कधी स्पर्धा जवळ आलेली असायची. दोघांनी मिळून बसावं तर जागा नाही. दुसऱ्या माणसाची जागा ट्रायपॉडने खाल्लेली. मागे त्यांना बक्षीस मिळालं तेव्हा ते व्यासपीठावरून म्हणाले, "पक्षी माझ्यावर विश्वास ठेवतात." ताई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. मी तिच्या शेजारी दातओठ खात बसले होते.

यंदाचं घरटं भोवत्याचं होतं. हा घारीसारखा शिकारी पक्षी, पण घरटं जमिनीवर करतो. तळ्याकाठच्या लव्हाळ्यात, आत कुठेतरी, पिल्लांच्या अंगावर अजून पांढरी लव होती. त्या रविवारी दोघं आत गेली आणि मी गाडीतून दुर्बीण लावून बसले. मादी उडाली आणि वर घिरट्या घालू लागली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळाने तंबूची कनात हलली आणि एक माणूस बाहेर पडला. टोपी, लांब टांगा, ताठ पाठ. भावोजी!

ते गाडीपाशी आले तेव्हा कुणीतरी तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता.

"तुझी बहीण उठेना," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझ्या स्टुलावर बसली. ऊठ म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवली. पुन्हा म्हटलं, तर ओठांवर बोट ठेवलं."

मग मला उमगलं आणि हसू आवरेना. लपणात आवाज चढवायचा नाही हा नियम भावोजींचाच. ओढाताण करावी तर तंबू हलणार. वर मादी घिरट्या घालतेय, खाली पिल्लं उन्हात. कुणीतरी एकाने निघायलाच हवं होतं, आणि लवकर. भांडायला याहून अडचणीची जागा नसेल, आणि माझ्या गरीब बहिणीने नेमकी तीच निवडली. मला तिचा एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

भावोजींचा दिवस काही जाता जाईना. ते सीट मागे करून बघत, पुढे करून बघत. दोनदा पाय मोकळे करायला उतरले, दोनदा मी शर्ट धरून आत ओढलं, "दिसाल त्या मादीला, बसा खाली."

"तुम्ही करता काय इथे दिवसभर?" त्यांनी वैतागून विचारलं.

"तुमची वाट बघतो."

त्यांनी तंबूकडे मान वळवली. म्हणाले, "तिला फोकस जमेल का पण?"

मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

ऊन उतरल्यावर ते तिला आणायला गेले. मादी ओरडत वर आली. मग दोघं बाहेर पडली. ताई लेन्स छातीशी धरून मागून चालत होती. मला वाटलं होतं, चेहरा फुललेला असेल. तो पांढराफटक होता.

"किती फोटो मिळाले?" गाडी सुरू करताना भावोजींनी विचारलं.

"एकही नाही. त्यातून नुसता मादीचा डोळा दिसत होता. मी लेन्स बाजूला केली आणि तंबूच्या भोकातून बघितलं." ताई माझ्याकडे वळली. "फार छान होतं गं. बारीक बारीक तुकडे करून भरवत होती. ऊन चढलं तशी पंख पसरून उभी राहिली, पिल्लांवर सावली धरून. स्वतः चोच उघडी टाकून धापा टाकत होती, पण हलली नाही. मला रडूच आलं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग हे आले. मला यांचं पाऊलसुद्धा ऐकू आलं नव्हतं, पण तिला कळलं. पिल्लांवर अंग टाकून चपटी झाली. थरथरत होती. पिसं हलताना मला दिसत होती. हे जवळ येतायत, आणखी जवळ येतायत, आणि तिला उडायचंच नव्हतं. शेवटी उडाली तेव्हा एक पिल्लू तिच्या पायात अडकून घरट्याबाहेर फेकलं गेलं. रांगत आत गेलं ते, बराच वेळ लागला त्याला." मग भावोजींच्या पाठीकडे बघत तिने विचारलं, "मी येते तेव्हा असंच होतं?"

"अगं, सवय होते त्यांना."

"तुम्ही इतकी वर्षं आतून बघताय. मला कधी सांगितलं नाहीत."

"मी त्या वेळी सामान आवरत असतो," भावोजी म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बस झालं!" मी ओरडले. "पुढच्या रविवारी ताई येणार नाही."

"मग मला बाहेर कोण काढणार?"

"तुमचे तुम्ही या!"

"तसं नाही चालत," ताई म्हणाली, हळूच. "हे एकटे बाहेर आले तर ती घरटं टाकेल."

"मग यांनी जाऊच नये!"

"महिनाभर राबलोय मी या घरट्यासाठी," भावोजी म्हणाले. "आता कुठे खरे फोटो मिळणार. मी तर जाणारच." ते जाणार होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मी जाते तुझ्याऐवजी," मी ताईला म्हटलं.

"तू गेलीस तरी ती तशीच दबून बसणार. मी निदान हळू जाईन. लव्हाळं सुरू होतं तिथे थांबेन, तिला निघायला वेळ देईन." तिने हे लपणात बसल्या बसल्याच ठरवलं असणार. "पिल्लं उडेपर्यंत येईन मी."

भावोजी खूश झाले. त्यांना वाटलं, विषय मिटला. मी ताईचा हात हातात घेतला.

तळ्याला वळसा घालून रस्ता पलीकडच्या काठाला येतो. तिथे भावोजींनी गाडी हळू केली. एक भोवत्या पायांत गवताची काडी घेऊन लव्हाळ्यावर फिरत होता.

"इथे दुसरं घरटं होतंय. उशिरा बसणार ही जोडी," ते आनंदाने म्हणाले. "म्हणजे अजून दोन महिने आरामात."

ताई काचेला कपाळ टेकून त्या पक्ष्याकडे बघत होती. त्याने इथे उतरू नये, दुसरीकडे कुठेतरी लांब जावं, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. पक्षी दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. मग उतरला.