भोंग्याच्या कागदावरची दुसरी सही

"डिस्टेंपर. नर्व्हस फॉर्म," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला वळले.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार. तो मेंदूपर्यंत पोचला की झटके येतात आणि मग जनावर सहसा वाचत नाही. हे त्यांनी हात पुसता पुसता सांगितलं. उद्या घेऊन या, एक इंजेक्शन देऊ, शांतपणे जाईल, असंही सांगितलं. टेबलावर भोंग्या जीभ बाहेर काढून पडला होता. पुण्यातला तो कुत्र्यांचा नावाजलेला दवाखाना. बाहेर बाकावर लोक ताटकळत होते. आमचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

ज्यांच्या घरी मुकं जनावर आजारी आहे आणि डॉक्टरांचं म्हणणं काही केल्या मनाला पटत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी चिंचवडला एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे दिवसभर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायची. माझी बायको सुमन म्हणायची, तुम्ही ती सवय घरी आणता, भाकरीचीसुद्धा जाडी मोजता. भोंग्या पिल्लू असताना आमच्या बैठ्या चाळीत आला आणि आमच्याच दारात राहिला. कंपनीचा भोंगा झाला की हा मान वर करून त्याच्या सुरात सूर मिसळायचा, म्हणून ते नाव. शेजारी म्हणायचे, याला कंपनीनं हजेरीपटावर घ्यायला हवं.

आजार उलट्यांनी सुरू झाला. आधी वाटलं, काहीतरी उकिरड्यावरचं खाल्लं असेल. मग तो पोटाला हात लावू देईना, जेवणाकडे पाठ करून बसू लागला. आठव्या दिवशी सकाळी तो जबडा कडाकडा वाजवत गोल गोल फिरला, तोंडाला फेस आला आणि आडवा पडला. उठला तेव्हा भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. त्याच वेळी कंपनीचा भोंगा झाला. त्यानं मान उचलली नाही.

चाळीत एकच बोलणं सुरू झालं, कुत्रं पिसाळलं. सुमनला सातवा महिना होता. तिचं माहेर लांब, म्हणून सासूबाईच बाळंतपणाला आमच्याकडे आल्या होत्या. पोटुशी बाई आणि दारात असलं जनावर, हे त्यांना सहन होईना. पुण्याच्या डॉक्टरांनी पिसाळलेलं नाही एवढं स्पष्ट सांगितलं, तरी शेवट तोच सांगितला. सासूबाई म्हणाल्या, मग अडलंय कुठं?

अडलं होतं ते एका छापील कागदावर. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं डिस्टेंपरची माहिती असलेला कागद हातात ठेवला होता. त्यात लक्षणं होती: ताप, नाका-डोळ्यांतून चिकट पू, खोकला, तळपाय कडक होणं, उलट्या, झटके. मी पहिल्या दिवसापासून वहीत सगळं टिपत होतो, सवयच ती. ताप एकदाही नाही. नाक-डोळे स्वच्छ. खोकला नाही. तळपाय मऊ. असा जॉब माझ्या टेबलावर आला असता, तर हा या ड्रॉइंगचा नाहीच म्हणून मी बाजूला ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी मी कुत्र्याऐवजी वही घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वही बघितली, पण वाचली नाही. ते म्हणाले, तुम्ही कारखान्यात आहात ना, मी तुमचं मशीन चालवायला येतो का?

मला राग आला. पण रागात आवाज चढवला की मुद्दा पडतो, हे मी सुपरवायझरांशी भांडून शिकलो होतो. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे एक साधा पार्ट भंगारात टाकायचा तरी दोन सह्या लागतात. एक माझी आणि एक अशा माणसाची, ज्यानं तो पार्ट आधी बघितलेला नाही. हा तर जिवंत आहे."

"मग आणा दुसरी सही," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुसरी सही आणायची कुठून? कंपनीत माझ्या शेजारच्या लेथवर ज्ञानोबा होता, चाकणजवळच्या गावचा. घरी शेती आणि चार म्हशी. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं गुरांच्या दवाखान्यात शेळके डॉक्टर हाय. कुत्र्याचं त्याला किती कळतंय ते मला ठावं न्हाई. पर इचारतो लई. म्हशीला हात लावायच्या आधी गोठा बघतो."

कुत्र्याला गुरांचा डॉक्टर! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सुमन मात्र म्हणाली, "जाऊन या. नंतर चुटपुट नको." भाजी टाकून रिकामा परत निघालेला एक टेम्पो ज्ञानोबानं गाठून दिला आणि भोंग्याला गोणपाटावर निजवून मी चाकण गाठलं.

शेळके डॉक्टर एका बैलाचा खूर साफ करत होते. हात धुऊन आले आणि भोंग्यापाशी जमिनीवरच बसले. मग प्रश्न सुरू झाले. खातो काय, पाणी कुठलं पितो, शेजारी कोणी उंदरांचं औषध टाकलंय का, दिवसभर बांधलेला असतो की मोकळा. मी वहीतून उत्तरं देत गेलो. इथं वही वाचली गेली, पान न् पान.

"झोपतो कुठं?"

या प्रश्नाला मी जरा ताठ बसलो. त्याचं खोकं मी स्वतः केलं होतं. कंपनीत मशीनं ज्या पेट्यांतून येतात, त्यांच्या फळ्यांचं. वर रंगही दिला होता.

"रंग कसला?"

"रेड लेड प्रायमर. लोखंड गंजू नये म्हणून लावतो तो शेंदरी. डब्याच्या तळाला उरतो, गेटपास करून मिळतो."

डॉक्टर भोंग्याच्या तोंडाकडे सरकले. त्यांनी भोंग्याचा ओठ वर केला, काडीनं दाढेच्या फटीतून काहीतरी उकरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. शेंदरी रंगाची बारीक खपली होती.

लेड म्हणजे शिसं. शिसं विषारी असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज स्टोअरमध्ये "रेड लेड द्या" म्हणत होतो; डब्याचं झाकण काढल्यावर हात धुवा, असा बोर्डही तिथं होता. भोंग्या खोक्याच्या दाराची कड कुरतडायचा. लाकूड उघडं पडलेलं माझ्या डोळ्याला खपायचं नाही, म्हणून रविवारी मी परत ब्रश फिरवायचो. तीनदा फिरवला. म्हणजे त्यानं संपवलं की मी पुन्हा वाढत होतो. खोट दिसली तर रंगानं झाकायची नाही, हे मी कंपनीत नव्या पोरांना दरडावून शिकवायचो.

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन जुन्या मायक्रोस्कोपखाली बघितला. म्हणाले, बेसोफिलिक स्टिपलिंग दिसतंय, म्हणजे तांबड्या पेशींत निळे ठिपके. शिसं अंगात गेलं की असे दिसतात. रंगवलेलं फाटक किंवा फेकलेली बॅटरी चाटलेल्या म्हशींना त्यांनी असेच झटके येताना पाहिले होते. आजाराचं नाव लेड पॉयझनिंग, शिशाची विषबाधा.

"शंभर टक्के असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण यावर औषध आहे, डिस्टेंपरवर नाही. म्हणून आधी याच्या मागं लागू."

या एका वाक्यावर मी त्यांचा झालो. ज्या माणसाला आपली खात्री किती आहे हे मोजता येतं, त्याच्या हाती जीव द्यायला हरकत नसते.

पोटातलं शिसं निघून जावं म्हणून मॅगसल्फ, म्हणजे जुलाबाचं मीठ. झटक्यांसाठी गोळ्या. आणि मुख्य औषध कॅल्शियम व्हर्सेनेट. हे रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. ते माणसांचं औषध, पुण्यात चार दुकानं पालथी घातल्यावर एका मोठ्या इस्पितळासमोर मिळालं. सलाईनमध्ये मिसळून दर सहा तासांनी कातडीखाली द्यायचं, पाच दिवस. डॉक्टरांनी एकदा करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं. खोकं जाळू नका, धूरही वाईट, विहिरीपासून लांब खोल पुरा, असं बजावलं. हाच रंग घरात आणखी कुठं लावलाय का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

माझ्या पाळीच्या वेळेत सुमन सुई टोचायची. भिंतीवर मी तक्ता लावला होता: वेळ, औषध, सही. तिसऱ्या दिवशी पुन्हा झटका आला, तेव्हा माझा धीर सुटला. सुमननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं आणि तक्त्यावर पुढची वेळ लिहून ठेवली. पुढे झटका आला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी कंपनीचा भोंगा झाला. कोपऱ्यातून घोगरा, फाटका आवाज आला. मग जरा मोठा. अख्खी चाळ दारात आली. मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सगळ्यांत जास्त आनंद सासूबाईंना झाला, कारण आता त्यांना बाळंतपणाच्या तयारीला लागता येणार होतं. जन्माआधी पाळणा बांधू नये म्हणतात, म्हणून तो माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तो निदान पुसून तरी ठेवू, म्हणून त्यांनी मला खाली काढायला लावला. माझ्या बहिणीकडचा जुना लाकडी पाळणा. निळा, चकचकीत, मीच रंगवलेला. काढताना त्याची कड भिंतीला घासली आणि निळ्या रंगाचा टवका उडाला.

खाली शेंदरी होतं. प्रायमर एकाच डब्यातला होता.

मी तिथंच खाली बसलो. पहिल्याच सहीवर भोंग्याला इंजेक्शन दिलं असतं, तर दोन महिन्यांनी माझं मूल या पाळण्यात निजलं असतं आणि दात येऊ लागले की हीच कड चघळली असती. तेव्हाही एखाद्या डॉक्टरांनी ताप बघून, हात धुऊन काहीतरी नाव सांगितलं असतं.

पुण्याच्या डॉक्टरांना मी मुद्दाम जाऊन सगळं सांगितलं. मग कोऱ्या केसपेपरच्या गठ्ठ्यातला वरचा कागद ओढून त्यांनी समासात लिहिलं, "घरात रंगकाम?" माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं नव्हतं, एवढंच.

म्हणून सांगतो, रोज टिपून ठेवा. वही न वाचणाऱ्या डॉक्टरांशी भांडू नका, दुसरे शोधा. दवाखान्यावरच्या पाटीवर जाऊ नका. आणि विचारलेल्या प्रश्नाला घाईनं नाही म्हणू नका. मी म्हटलं होतं.

मुलीसाठी ज्ञानोबानं गावच्या सुताराकडून नवा पाळणा करून आणला. त्याला मी रंग दिला नाही. भोंग्या त्याच्या खाली निजायचा. त्या पाळण्याच्या कडेवर मुलीच्या पहिल्या दातांच्या खुणा आहेत, आणि जरा खालच्या फळीवर त्याच्या.